लेक एलएलबी झाली, पण सनदेचं काय?



बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की विषय निघतो मुलांच्या शिक्षणाचा. आपल्या तालुक्यात फिरताना एक वाक्य मला बऱ्याच गावांत ऐकायला मिळतं : “आमची पोरगी एलएलबी झाली, आता घरीच हाय.” का घरी, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. “परत एक परीक्षा असते म्हणं.” “फॉर्म भरायचा राहिला.” “स्थळं बघतोय, पुढचं सासरचे बघतील.”

तीन किंवा पाच वर्षं पोरीने एसटीचे धक्के खाल्ले, आपण बेदाण्याच्या पट्टीतून नाहीतर गटाच्या कर्जातून फी भरली, आणि शेवटच्या पायरीवर सगळं थांबलं. ही पायरी कसली आहे, ती किती उंच आहे आणि ती चढायला घरातून काय लागतं, हे या अंकात सांगते. घरात कायदा शिकणारी मुलगी किंवा सून असेल तर हे पान तिलाही वाचायला द्या.

पदवी वेगळी, सनद वेगळी

एलएलबी झालं म्हणजे कायद्याची पदवी मिळाली. कोर्टात उभं राहायला एवढं पुरत नाही. त्यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 या कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. आपल्यासाठी ती संस्था म्हणजे मुंबईची बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. वयाची 21 वर्षं पूर्ण झालेली हवीत. या नोंदणीलाच आपण ‘सनद काढणं’ म्हणतो.

2009-10 या शैक्षणिक वर्षापासून पुढे जे पदवीधर झाले, त्यांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. मुली तिला ‘एआयबीई’ म्हणतात. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही परीक्षा सगळ्या देशात एकाच दिवशी घेते. पहिली परीक्षा मार्च 2011 मध्ये झाली. ही परीक्षा घ्यायचा कौन्सिलला अधिकार आहे का, यावर बरीच वर्षं वाद चालला. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो अधिकार मान्य केला. तेव्हा ‘परीक्षा रद्द होणार आहे, थांबू’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

क्रम लक्षात ठेवा. आधी पदवी, मग तात्पुरती सनद, मग परीक्षा. तात्पुरती सनद मिळाली की काळा कोट घालून काम सुरू करता येतं, पण पुढच्या दोन वर्षांत परीक्षा पास व्हावी लागते. नाही झालं, तर पास होईपर्यंत वकिली थांबते. परीक्षा कितीही वेळा देता येते, पण फी दर वेळी नव्याने भरावी लागते. पास झालं की वकिली करण्याचं कायमचं प्रमाणपत्र मिळतं.

लेक शेवटच्या वर्षाला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही त्या वर्षीच्या परीक्षेला बसू द्यायला सांगितलं होतं. म्हणून निकालाची वाट बघत बसू नका, परीक्षेची जाहिरात आली की त्यात काय लिहिलंय ते वाचा.

पेपर कसा असतो?

पेपर एकच. प्रश्न शंभर, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण. वेळ साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पास व्हायला खुल्या आणि ओबीसी गटाला 45 गुण लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 40. यात नंबर काढत नाहीत. 46 मिळाले काय आणि 86 मिळाले काय, प्रमाणपत्र तेच.

पेपर मराठीतूनही देता येतो. इंग्रजीच्या धास्तीने बऱ्याच मुली मागं सरतात, त्यांना हे जरूर सांगा. फॉर्म भरतानाच भाषा निवडायची असते. पण एक काळजी घ्यायची. कायद्याचं मराठी आपल्या बोलण्यातलं नसतं. दखलपात्र, जामीनपात्र, प्रतिज्ञापत्र, अधिकारिता असे शब्द वाचताना अडायला नकोत. कॉलेजात जे इंग्रजी शब्द ऐकले, त्यांच्यासमोर मराठी शब्द लिहून एक वही केली की ही अडचण जाते.

पूर्वी पुस्तकं घेऊन बसायला परवानगी होती. आता नोट्स, गाईड काही चालत नाही. फक्त कायद्याची मूळ पुस्तकं, ज्यांना बेअर ॲक्ट म्हणतात, ती नेता येतात. त्यात टीपा छापलेल्या नकोत आणि हाताने लिहिलेलं काही नको. पण दोन मिनिटांत पुस्तक उघडून कलम शोधणं आणि ते समजून घेणं, हे आधी वाचलेलं असेल तरच जमतं.

गुण कुठे आहेत ते बघा

विषय 19 आहेत. यादी बघून पोरी घाबरतात. आपण गटाचा हिशेब मांडतो तसा हा हिशेब मांडू.

राज्यघटना 10, फौजदारी प्रक्रिया 10, दिवाणी प्रक्रिया 10, गुन्ह्यांचा कायदा 8, पुराव्याचा कायदा 8, कौटुंबिक कायदे 8, आणि करार-मालमत्ता-चेक यांचे कायदे मिळून 8. झाले 62. म्हणजे सात विषय नीट केले तर त्यातूनच पास होण्याइतके गुण निघतात.

मधल्या गटात अपघात व ग्राहक संरक्षण 5, लवाद व तडजोड 4, जनहित याचिका 4, वकिलांचे आचारनियम 4, कामगार कायदे 4, कर 4 आणि प्रशासकीय कायदा 3. हे 28. उरलेले पाच विषय दोन-दोन गुणांचे : कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन आणि बौद्धिक संपदा. हे 10. बेरीज बरोबर शंभर.

दोन गुणांच्या कंपनी कायद्यात पंधरा दिवस घालवणारी आणि दहा गुणांची दिवाणी प्रक्रिया अवघड म्हणून सोडणारी मुलगी नापास होऊ शकते. हुशारी कमी पडली असं नसतं, वेळ चुकीच्या ठिकाणी गेलेला असतो.

नव्या कायद्यांचं भान हवं. 1 जुलै 2024 पासून जुनी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आपण अजून फसवणाऱ्याला ‘चारशेवीस’ म्हणतो, पण नव्या कायद्यात फसवणुकीचं कलम 318 आहे. सासरच्या छळाचं 498-अ आता 85 आणि 86 मध्ये आहे. पोटगीचं 125 आता नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं. थोरल्या जावेची किंवा नणंदेची जुनी पुस्तकं घरात असतील तर या तीन विषयांपुरती ती बाजूला ठेवा आणि नवी घ्या.

हे विषय आपल्या घरातलेच आहेत

लेकीला अभ्यासात मदत करायला आपल्याला कायदा यायलाच पाहिजे असं नाही. या परीक्षेतलं बरंच काही आपल्या अंगावरून गेलेलं आहे.

द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही, तर काय करायचं? बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवसांची मुदत, आणि तरी पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. हे चेकच्या कायद्याचं कलम 138. लेकीला विचारा, या मुदती पाठ आहेत का?

बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तो कौटुंबिक आणि मालमत्तेचा कायदा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. लोकअदालतीत तडजोड केली तो लवाद-तडजोडीचा विषय. रस्त्याला जमीन गेली तो भूसंपादनाचा. खराब औषधाने बाग गेली तर तो ग्राहक संरक्षणाचा.

रात्री भाकऱ्या थापताना लेकीला म्हणा, “हे मला समजंल असं सांग.” आईला समजेल अशा भाषेत जिला सांगता येतं, तिला तो विषय आलेला असतो. पुढे पक्षकारालाही तिला असंच सांगायचं आहे.

बारा आठवड्यांचं गणित

2023 ची परीक्षा 10 डिसेंबरला झाली, 2024 ची 22 डिसेंबरला आणि 2025 ची 30 नोव्हेंबरला. तारीख दर वेळी बार कौन्सिल जाहीर करते, ती बघूनच आखणी करायची. पण या तीन तारखांवरून एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. परीक्षा अशा वेळी आली की तयारीचे महिने म्हणजे गणपतीचा रथ ओढून झाल्यापासूनचे दिवस. तेव्हाच आपल्याकडे बागांची फळछाटणी, डिपिंग, विरळणी, आणि मधे दिवाळी. घरातला प्रत्येक हात रानात हवा असतो आणि पोरगी ‘घरीच’ असते, म्हणून पहिली हाक तिलाच जाते.

तयारी साधारण अशी करता येईल. पहिले सात आठवडे सात मोठे विषय, आठवड्याला एक. रोज तीन तास, दोन बैठकांत. आधी मूळ कायदा वाचायचा, मग त्या विषयाचे मागच्या परीक्षांचे प्रश्न सोडवायचे. पुढचे तीन आठवडे मधल्या आणि लहान विषयांना. वकिलांच्या आचारनियमांचे 4 गुण थोड्या वाचनात मिळतात, ते सोडायचे नाहीत. शेवटचे दोन आठवडे फक्त सराव : घड्याळ लावून साडेतीन तास सलग बसायचं, जुना पेपर सोडवायचा, चुकलेलं कलम पुस्तकात बघायचं. असे चार पेपर तरी व्हावेत.

घराला यात काय करावं लागतं? रोजचे तीन तास तिचे. ते कुठले, हे आधीच ठरवा, पहाटेचे किंवा दुपारचे. त्या वेळेत तिला पाणी आणायला, पाहुण्यांना चहा करायला, मजुरांचा डबा पोचवायला उठवायचं नाही. सून असेल तर सासूबाईंनी हे घरात सगळ्यांसमोर सांगावं, कारण सुनेला स्वतःला ते सांगता येत नाही. लहान मूल असेल तर ते कोण सांभाळणार तेही ठरवा. बारा आठवड्यांचे रोज तीन तास म्हणजे अडीचशे तास. पाच वर्षांच्या शिक्षणापुढे हे फार नाहीत.

खर्च किती?

नोंदणीची फी कायद्यातच लिहिलेली आहे : खुल्या गटाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. काही राज्यांत बार कौन्सिल याहून कितीतरी जास्त घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क वेगळं लागतं.

परीक्षेची फी अलीकडच्या परीक्षांना खुल्या आणि ओबीसी गटासाठी 3500 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 2500 रुपये होती, वर बँकेचा आकार. शिवाय पुस्तकं, आणि केंद्र लांबच्या शहरात आलं तर जाण्या-राहण्याचा खर्च. पेपरच्या दिवशी पहाटेच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशीच पोचा.

ही रक्कम गटाच्या अंतर्गत कर्जातून सहज उभी राहते. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी आपण कर्ज देतो, तसंच हे कर्ज आहे. पैसे घेऊन ‘पास करून देतो’ किंवा ‘सनद आणून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर मात्र त्याला दारातूनच परत पाठवा.

कागद आधी जुळवा

लग्न झालेल्या मुलींचं इथेच अडतं. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर तिसरंच. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत नसेल झाली तर आधी ती करून दाखला घ्या. गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून फॉर्मच्या आधी काही महिने हे काम सुरू करा. आणखी एक नियम माहीत असू द्या : पूर्णवेळ पगारी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही.

जिला न्यायाधीश व्हायचंय तिनेही सनद लवकर काढावी. मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि ती तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या दिवसापासून मोजायची आहेत.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे

“मला शिकायचं होतं, आता काय उपयोग” असं म्हणणाऱ्या मैत्रिणीही गटात आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही ठिकाणी लॉ कॉलेजं आहेत. एलएलबी घरी बसून पत्राद्वारे होत नाही, हजेरी लागते.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मैत्रिणींनी एक नियम आधीच तपासावा. दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ती चालते. पण दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे लॉ ला प्रवेश मिळत नाही. फी भरायच्या आधी कॉलेजात कागद दाखवून विचारा. मुलींच्या शिक्षण शुल्काच्या सवलतीबद्दलही तिथेच विचारा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत सरकारची पूर्ण शुल्कमाफी आहे.

दार उघडं आहे

नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि 1892 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या. परत येऊन त्यांनी 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. सगळं पास, तरी बाई म्हणून त्यांना वकील मानलं नाही. बायकांना वकिली करता येईल असा कायदा व्हायला 1923 साल उजाडलं. परीक्षा पास होऊन त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. आज दार उघडं आहे आणि आपल्या पोरी परीक्षेला बसत नाहीत.

त्या बसायला हव्यात, कारण गरज आपली आहे. मारहाणीची, हक्कसोडीची, पोटगीची गोष्ट बाईला बाईजवळ बोलायला सोपी जाते. कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात जाऊन अर्ज करता येतो किंवा 15100 या नंबरवर फोन करता येतो. त्या वकिलांमध्ये आपल्या भागातल्या, आपली बोली बोलणाऱ्या बायका जास्त असतील तर आपलीच भीड मोडेल. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आपला सांगली जिल्हाही त्यात येतो. उच्च न्यायालयातल्या कामासाठीही आता प्रत्येक वेळी मुंबई गाठायला नको.

पुढच्या मासिक बैठकीत एवढंच करा. आपल्या गटातल्या घरांत एलएलबी झालेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या मुली-सुना किती, त्यांची नावं वहीत लिहा. कुणाची सनद निघाली, कधी निघाली आणि दोन वर्षं कधी संपतात, ते समोर मांडा. ज्यांना फीसाठी कर्ज लागेल त्यांचा ठराव त्याच बैठकीत घ्या. दोघी-तिघी असतील तर त्यांची गाठ घालून द्या, एकत्र अभ्यास होईल. यादी प्रभागसंघाच्या बैठकीत माझ्याकडे दिलीत तर जाहिरात आली की सगळ्यांना फोन करून कळवीन.

आपली,
क्षेत्र समन्वयक, तासगाव